ओपन वर्ल्ड फँटसी आरपीजीचा डेमो तीनदा खेळल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका येऊ घातलेल्या ओपन वर्ल्ड फँटसी आरपीजीचा (कल्पित दुनियेत हवं तिथे फिरत आपलं पात्र वाढवत न्यायचं, असा व्हिडिओ गेम) डेमो, म्हणजे नमुन्याला दिलेला तुकडा, मी तीनदा खेळले. पहिल्या खेपेला हरखून गेले होते, तिसऱ्या खेपेला वही घेऊन बसले. त्यानंतर ओळखीतल्या गेम खेळणाऱ्यांनी जे जे विचारलं, त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. कथेतलं मोठं काही फोडलेलं नाही. एका शेळीबद्दल मात्र बरंच लिहिलंय.

गेमचं नाव काय?

सांगत नाही. डेमो हा बहुतेक वेळा मूळ गेमचा काही महिने जुना तुकडा असतो. टीम पुढे गेलेली असते आणि आपण मागच्या चुका मोजत बसतो. नाव घेतलं की त्या चुका गेमला कायमच्या चिकटतात. तुलनेला ज्या गेम्सची नावं खाली घेतलीत, त्या सगळ्या केव्हाच बाहेर आलेल्या आणि मनसोक्त खेळल्या गेलेल्या आहेत.

एका वाक्यात सांग ना, कसा आहे?

चालायला सुरेख, लढायला बरा, बोलायला कच्चा. आणि घोड्यावर बसू नका.

डेमोत किती खेळायला मिळतं?

सुरुवातीची गुहा, बाहेरचं एक खोरं आणि खोऱ्यात एक गाव. गुहेबाहेर पाऊल टाकलं की ९० मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. वेळ संपली की तुम्ही कुणाशी बोलत असा नाहीतर कड्यावर लोंबकळत असा, स्क्रीन काळी होते आणि ट्रेलर लागतो.

ही युक्ती जुनी आहे. 'किंग्डम्स ऑफ अमॅलूर: रेकनिंग'चा डेमो १७ जानेवारी २०१२ ला आला, त्यातही सुरुवातीचा बंदिस्त भाग संपल्यावर ४५ मिनिटं मोकळं सोडलं जायचं. ओपन वर्ल्डची अडचणच ही आहे की त्याचा तुकडा पाडायचा कुठे. १९९३ साली 'डूम'ने पहिला अख्खा भाग फुकट वाटला, कारण त्या गेमचे भाग पडलेले होते. पहिला संपवा, आवडला तर पुढचे घ्या. ओपन वर्ल्डमध्ये भाग नसतात, नकाशा असतो. मग एकतर नकाशाला कुंपण घालायचं, नाहीतर घड्याळ लावायचं. तिसरा, दिलदार मार्ग म्हणजे सुरुवातीपासूनचे कित्येक तास तसेच देऊन टाकायचे. 'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस'च्या डेमोत साधारण १० तासांचा मजकूर होता. तो डेमो संपेपर्यंत माणूस गेममध्ये राहायलाच गेलेला असतो.

मला विचाराल तर घड्याळापेक्षा कुंपण बरं. घड्याळ लागलं की आपण पळतो, आणि जो गेम रमतगमत फिरण्यासाठी केलाय तो पळत खेळला जातो. यावर माझ्यापुरता उपाय म्हणजे डेमो एकदाच खेळायचा नाही. पहिली ९० मिनिटं वाया घालवायचीच आहेत असं धरून चालायचं.

सुरुवात कंटाळवाणी आहे का?

हो. गुहा, विझत आलेला कंदील, जखमी सोबती, तो सांगतो 'वाकून चाल', मग स्क्रीनवर कुठलं बटण दाबायचं ते येतं. वीस मिनिटं हेच. दोन खोल्या ओलांडल्या की सोबती मरतो. आपण त्याला दहा मिनिटं ओळखत असतो, तरी संगीत असं की जणू सख्खा भाऊ गेला.

या जातीचे गेम सुरुवातीला तुम्हाला बांधून ठेवतात, कारण पुढचं मोकळं आकाश मोठं वाटायला हवं असतं. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये तर हात बांधून गाडीत बसवलेलं असतं. मान फिरवण्यापलीकडे काही करता येत नाही आणि नाव विचारतात ते थेट वधस्तंभाच्या तोंडाशी. तरी ती सुरुवात लोकांच्या लक्षात राहिली, कारण गाडीतली माणसं आपसात बोलत असतात आणि आपण चोरून ऐकतो. इथे सोबती सारखा आपल्याशीच बोलतो. फरक तेवढाच, पण तो खटकतो.

गुहेवरून गेमचा न्याय करू नका एवढंच सांगेन. बरेच जण तिथेच डेमो बंद करतात.

कॅरेक्टर बनवायला किती वाव आहे?

चेहरा, उंची, आवाज आणि तीन वर्ग: तलवारवाला, तिरंदाज, मांत्रिक. नाकाची लांबी बदलायला सहा स्लायडर आहेत आणि केसांचे प्रकार पाच. हे कुणी ठरवलं देव जाणे. डेमोतलं कॅरेक्टर मूळ गेममध्ये जाणार का हे लिहिलेलं नाही, तेव्हा चेहऱ्यावर तासभर घालवू नका. 'ड्रॅगन्स डॉग्मा २'ने मार्च २०२४ मध्ये नुसतं कॅरेक्टर बनवायचं साधन आधी फुकट दिलं होतं आणि तो चेहरा पुढे गेममध्ये नेता येत होता. ज्यांना नाकाची हौस आहे त्यांची सोय करायची ती अशी.

गुहेबाहेर आल्यावर काय होतं? खरं जग तिथेच सुरू होतं ना?

इथे जरा सविस्तर सांगते, कारण माझं मत बनलं, मोडलं आणि परत बनलं ते याच खोऱ्यात.

बाहेर आलं की समोर दरी, डावीकडे गाव, गावात घंटेचा मनोरा. स्क्रीनवरचा बाण गावाकडे बोट दाखवतो. मी उजवीकडे वळले. अशा गेममध्ये मी नेहमीच बाणाच्या उलट जाते. बाणाच्या बाजूला टीमने महिनोन् महिने घासूनपुसून ठेवलेलं असतं, ते चांगलंच असणार.

उजवीकडे ओढा, ओढ्यावर बंद पडलेली पाणचक्की. दार बंद. छपरावर एक शेळी उभी. ती तिथे चढली कशी हे बघायला मागे गेले, तर मागचा उतार थेट छपराला टेकलेला. तिच्या मागोमाग वर गेले, छपराला भगदाड होतं, त्यातून आत उडी मारली. आत जमिनीवर पिठाचा थर. दोन रिकामी पोती, जात्याच्या दगडाशी ठेवलेली एक चिठ्ठी. दाराची कडी आतून काढून बाहेर आले. एवढ्या वेळात गेम एक शब्द बोलला नाही. 'पाणचक्की सापडली' अशी पाटी आली नाही की तुतारी वाजली नाही.

मग गावात गेले. वेशीशी एक बाई अंगण झाडत होती. तिने माझ्याकडे बघून म्हटलं (मराठीत सांगायचं तर), "चक्कीत शिरला होतात ना? पायांना पीठ लागलंय बघा." मी कॅमेरा खाली केला. बूट खरोखर पांढरे झाले होते.

त्या क्षणी मी हा गेम मनातल्या मनात विकत घेऊन टाकला होता.

मग दुसऱ्या खेपेला असं काय झालं?

दुसऱ्या खेपेला मी पीठ लावून घेतलं आणि गावात जायच्या आधी ओढ्यात कमरेपर्यंत उतरले. बूट स्वच्छ धुऊन निघाले, अगदी डोळ्यांसमोर. मग बाईपुढे जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "चक्कीत शिरला होतात ना? पायांना पीठ लागलंय बघा."

म्हणजे काय, तर बुटांना पीठ लागणं आणि पाण्याने धुतलं जाणं हा या जगाचा नियम आहे. बाईचं वाक्य हा बसवलेला प्रवेश आहे. चक्कीत पाऊल पडलं की गेम कुठेतरी एक खूण करून ठेवतो आणि बाई ती खूण बघते. बुटांकडे ती बघतच नाही.

दोन्हींत वाईट काही नाही. चांगल्या गेमला दोन्ही लागतात. पण ओपन वर्ल्ड शंभर तास तगतं ते नियमांवर. बसवलेले प्रवेश कितीही असले तरी मोजके असतात आणि ते एकदाच चालतात. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (मार्च २०१७) याचं ठळक उदाहरण आहे. वाळल्या गवताला आग लागते, आगीमुळे वर हवेचा झोत उठतो, त्या झोतावर तुमचं पॅराग्लायडर वर चढतं. तिथे 'आता गवत पेटवा' असं कुणी सांगितलेलं नसतं. तीन साधे नियम एकमेकांना भेटतात आणि खेळणाऱ्याला वाटतं की हा शोध आपणच लावला.

म्हणून माझं एकच सांगणं असतं: डेमोत जे आवडलं ते दुसऱ्यांदा, जरा वाकडं करून बघा. पहिल्या वेळी जे दिसतं ते तुम्हाला दाखवण्यासाठीच ठेवलेलं असू शकतं.

जग किती मोठं आहे?

खोरं छोटं आहे. गुहेच्या तोंडापासून गावापर्यंत न धावता गेलं तर चार मिनिटं लागतात. मूळ गेम याच्या किती पट आहे याच्या जाहिराती बघून मला काही वाटत नाही. १९९६ च्या 'डॅगरफॉल'चा नकाशा ब्रिटनएवढा असल्याचा दावा होता, गावं आणि ठिकाणं पंधरा हजारांच्या वर. बहुतेक सगळं संगणकाने गणिताने निर्माण केलेलं, त्यामुळे एक गाव बघितलं की शंभर बघितल्यासारखं. त्याच मालिकेतला पुढचा मोठा गेम, २००२ चा 'मॉरोविंड', त्या मानाने चिमुकल्या बेटावर घडतो, पण ते बेट हाताने रचलेलं आहे. आजही लोक त्यातल्या वाटा आठवून सांगतात.

मी आकार बघत नाही. उभं राहिलं की किती गोष्टी अर्धवट दिसतात ते बघते. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या मंडळींनी २०१७ साली जपानमधल्या एका परिषदेत सांगितलं होतं की त्यांनी जमीन त्रिकोणांच्या हिशेबाने घडवली. मोठा त्रिकोण म्हणजे डोंगर, तो लांबून खुणेला. मधला त्रिकोण पलीकडचं झाकतो, म्हणजे टेकडी चढावी की वळसा घालावा हे तुम्ही ठरवायचं, आणि कुठूनही गेलात तरी पलीकडे काहीतरी हळूहळू उलगडतं. या डेमोत हे शिक्षण घेतलेलं दिसतं. गुहेच्या तोंडाशी उभं राहून चक्कीचं चाक अर्धंच दिसतं, वरचा भाग एका खडकामागे. अख्खं दिसलं असतं तर मी कदाचित गेलेही नसते.

मारामारी कशी आहे?

तलवार छान, गदा खोटी, धनुष्य बरं, जादू डोळ्यांना सुखाची.

खोटी म्हणजे काय ते सांगते. घाव बसला की चांगले गेम चित्र क्षणभर, अगदी दोन-चार फ्रेमपुरतं (फ्रेम म्हणजे स्क्रीनवर भराभर बदलणारं एकेक चित्र), थिजवतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण हाताला वाटतं की काहीतरी लागलं. वजनदार हत्याराला हा थिजण्याचा वेळ जास्त लागतो. इथे तलवारीला आणि गदेला तो मला सारखाच वाटला. त्यामुळे एवढी मोठी गदा फिरवूनही हातात झाडू धरल्यासारखं होतं. पूर्ण गेममध्ये हे सुधारू शकतं, आकडा बदलायचं काम आहे.

ओढ्याच्या खालच्या अंगाला तीन लांडगे आहेत. त्यांच्याशी मी दोन खेपांत मिळून पाच-सहा वेळा लढले. पहिल्यांदा अंगावर आले, घाबरून बटणं बडवली, मेले, गुहेच्या तोंडाशी परत आले. (मेल्यावर घड्याळ थांबत नाही. हे फार दुष्ट आहे.) दुसऱ्यांदा लक्ष दिलं तर कळलं की लांडगा झेप घेण्याआधी कान मागे टाकतो. प्रत्येक वेळी. त्या खुणेवर डॉज केलं, म्हणजे चटकन बाजूला झालं, की तो बाजूने निघून जातो. डॉज करताना काही फ्रेम तुम्हाला इजा होत नाही, या जातीच्या बहुतेक गेम्समध्ये हे असतंच. इथे तो काळ बऱ्यापैकी सढळ आहे. म्हणजे मरण्याचं कारण समजतं, आणि मारामारीबद्दल मला डेमोकडून एवढंच हवं असतं.

वाईट भाग लॉक-ऑनचा, म्हणजे कॅमेरा एका शत्रूवर बांधून ठेवण्याचा. एका लांडग्यावर नजर बांधली आणि तो पाठीमागे गेला की कॅमेरा भिरभिरतो आणि भलत्याच लांडग्याला पकडतो. तीन शत्रू असले की लॉक-ऑन बंद ठेवूनच लढा.

जादूबद्दल फार बोलत नाही. डेमोत दोनच मंत्र आहेत. 'फायनल फँटसी १६'च्या जून २०२३ च्या डेमोत सुरुवातीच्या दोनेक तासांबरोबर पुढच्या टप्प्यावरची लढाई वेगळी जोडून दिली होती, कारण सुरुवातीला हातात फारसं काही नसतं हे त्यांना ठाऊक होतं. इथेही तसं काही हवं होतं. पहिल्या लेव्हलचा मांत्रिक म्हणजे काडेपेटी घेतलेला माणूस.

पुलावरचा राक्षस मारता येतो का?

मला नाही आला. एका फटक्यात आडवं करतो. पण पुलाखालून पाण्यातून जाता येतं, तो वाकूनही बघत नाही. 'एल्डन रिंग'च्या पहिल्याच उघड्या मैदानात सोनेरी चिलखतातला घोडेस्वार असाच उभा असतो. लोक त्याच्या हातून वीस-वीसदा मरतात आणि मग त्यांना सुचतं की याला वळसा घालता येतो. गेम न बोलता सांगतो की तू आत्ता इथे यायला बांधील नाहीस.

याच्या उलट टोकाला २००६ चा 'ऑब्लिव्हियन'. तिथे तुमच्याबरोबर शत्रूही वाढतात. शेवटी शेवटी रस्त्यावरचे फाटके लुटारू महागड्या काचेरी चिलखतात येऊन किरकोळ पैसे मागतात, यावर खूप टीका झाली आणि विनोदही. या डेमोतला राक्षस दोन लेव्हल वाढल्यावरही एका फटक्यातच मारत होता, म्हणजे जग निदान इथे तरी आपल्या मापाने शिवलेलं नाही. मला हे आवडतं. ज्यांना आवडत नाही त्यांनी डेमो जरूर खेळावा, म्हणजे आधीच कळेल.

क्वेस्ट कशा आहेत? तेच ते 'दहा कातडी आणून दे'?

मुख्य क्वेस्ट, म्हणजे कथेतली मोठी कामगिरी, ठीक. गावातल्या साइड क्वेस्ट (बाजूची लहान कामं) तीन, त्यातल्या दोन कातडी-मुळ्यांच्याच. तिसरी चक्कीवाल्याची, ती चांगली आहे पण गावात कुणी आपण होऊन देत नाही. चिठ्ठी घेऊन सराईत गेलं तरच सुरू होते.

लहान क्वेस्ट कशी असावी याचा माझा मापदंड 'द विचर ३' (२०१५) मधली तव्याची गोष्ट. सुरुवातीच्याच गावात एक म्हातारी सांगते की तिचा तवा बंद झोपडीत अडकलाय. दार फोडून आत गेलं की तवा लख्ख घासलेला, आणि बाजूला एक प्रेत. पाच मिनिटांत आटोपणारं काम, पण युद्ध चालू असलेल्या मुलखात भांडं उसनं देण्याची सुद्धा काय किंमत असते ते कळतं. बक्षीस आठवत नाही, तवा आठवतो.

या डेमोत लिखाण त्या तोडीचं नाही. सराईवाला प्रत्येक वाक्यात 'प्रवासी' म्हणतो. चार वाक्यांत चारदा.

स्क्रीनवरचा बाण बंद करता येतो का?

येतो, आणि करून बघाच. बाण बंद केला की क्वेस्ट खरी लिहिलीय की नुसती ठिपक्याला बांधलीय ते लगेच उघडं पडतं. 'मॉरोविंड'मध्ये बाण नव्हताच. 'पुलापाशी उजवीकडे वळ, मग ओढ्याच्या काठाने' असं माणसं सांगायची आणि ते डायरीत उतरायचं. 'ऑब्लिव्हियन'मध्ये होकायंत्रावर खूण आली आणि माणसांनी पत्ते सांगणं सोडलं. इथे सराईवाला म्हणतो, 'नकाशावर खूण करून देतो.' बाण बंद असेल तर ती खूणही दिसत नाही. मग माणूस नुसता भटकतो.

घोड्याचं काय?

पुलाच्या लाकडांत अडकला. मी उतरले, तो तिथेच राहिला, चारही पाय हवेत. परत बोलावला तर दुसरा आला. पहिला अजून तिथेच असेल.

माझ्या कॉम्प्युटरवर चालेल का?

डेमो असण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की विचारायची गरज नाही. उतरवून बघा. फक्त पहिल्या दहा मिनिटांवरून ठरवू नका. नव्या गेम्समध्ये एखादा प्रकाश, धूर किंवा मंत्र पहिल्यांदा दिसताना ग्राफिक्स कार्डाला त्याचा प्रोग्राम, म्हणजे शेडर, तयार करावा लागतो आणि तेवढ्यात चित्र अडखळतं. तोच मंत्र दुसऱ्यांदा टाकला की अडखळत नाही. म्हणून तीच वाट दोनदा चाला. दुसऱ्यांदाही त्याच वळणावर अडखळलं तर कारण दुसरं आहे, बहुधा पुढचा नकाशा डिस्कवरून वेळेत येत नाहीये.

सरासरी फ्रेम रेटच्या आकड्यालाही फार भुलू नका. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३. एका फ्रेमला अचानक १०० मिलिसेकंद लागले तर सरासरी फारशी हलत नाही, पण लांडग्याचे कान नेमके त्याच फ्रेमला मागे गेलेले असतात. घट्ट ३० हे डळमळत्या ५० पेक्षा बरं, असं माझं मत आहे. ६० वाले भांडतील.

अपस्केलिंग (लहान चित्र काढून ते मोठं करणं) चालू असेल तर मुळात किती मोठं चित्र काढलं जातंय ते लक्षात ठेवा. १०८० ठिपके उंचीच्या स्क्रीनवर 'क्वालिटी' निवडलं की आत सहसा ७२० चंच चित्र तयार होतं आणि ते फुगवलं जातं. गावात चालतं. गवतात चाललं की पात्यांच्या कडा लुकलुकतात.

गरगरायला लागलं तर आधी मोशन ब्लर (हालचालीत चित्र पुसट करणं) बंद करा, मग दृष्टीची रुंदी वाढवा. माझं गरगरणं त्यानेच थांबलं.

संवादाची अक्षरं वाचता येतात का?

दूर बसून नाही. मोठी करायची सोय आहे, पण ती ग्राफिक्सच्या पानावर लपवलीय आणि इन्व्हेंटरीला (जवळच्या वस्तूंच्या यादीला) लागू होत नाही. चिठ्ठी वाचायला मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

डेमोवरून काय कळत नाही?

तीसाव्या तासाला काय होतं ते. या जातीच्या गेम्सची खरी परीक्षा तिथे असते: लूट नुसती ओझं वाटायला लागते का, तेच तीन प्रकारचे डाकू वेगळ्या रंगात येतात का, लेव्हल वाढली की खेळायची रीत बदलते की नुसते आकडे. दीड तासात याचा वासही लागत नाही. कथेचंही तेच. डेमो संपला तेव्हा माझ्या कॅरेक्टरचं कुणाशी वैर आहे हेही मला माहीत नव्हतं.

कळतं ते हाताचं आणि पायाचं. उडी कशी आहे, चढ चढताना दम दिसतो का, कॅमेरा भिंतीला लागला की काय करतो. हे मूळ गेममध्ये फारसं बदलत नाही, कारण सगळं जगच त्यावर मोजून बांधलेलं असतं.

फीडबॅक लिहून काही उपयोग होतो का?

कधी कधी चांगलाच होतो. 'फायनल फँटसी १५'चा डेमो 'एपिसोड डस्काय' मार्च २०१५ मध्ये आला. खेळणाऱ्यांनी कॅमेऱ्यापासून मारामारीपर्यंत तक्रारी केल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्या डेमोचीच दोन नंबरची आवृत्ती आली, बदल करून. डेमोला पॅच, म्हणजे दुरुस्ती! मूळ गेम त्यानंतर, नोव्हेंबर २०१६ ला आला.

लिहिताना 'कॉम्बॅट बेकार' एवढंच लिहू नका. तीन लांडगे, ओढ्याचा खालचा भाग, लॉक-ऑन, कॅमेरा कुठून कुठे गेला, असं लिहा. मी गदेबद्दल लिहिलं, घोड्याचं चित्र जोडलं. झाडणाऱ्या बाईबद्दलही लिहिलं: तिला बुटांकडे बघायला शिकवा.

मग आगाऊ बुकिंग करू का?

नको. घाई कसली आहे? गेम आल्यावर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलात तर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. फक्त गुहेतली वीस मिनिटं आणि नाकाचे सहा स्लायडर त्या दोन तासांतच मोजले जातात हे ध्यानात ठेवा.

मी घेणार आहे, पण पहिला मोठा पॅच आल्यावर.

ती शेळी छपरावरून खाली उतरते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त जणांनी विचारलाय, म्हणून शेवटी ठेवला.

पहिल्या दोन्ही खेपांना ती छपरावरच होती. मी धरलं की तीही बाईच्या वाक्यासारखी, तिथे मांडून ठेवलेली. तिसऱ्या खेपेला मी आधी ओढ्याच्या खालच्या अंगाला गेले, कान बघून बघून तिन्ही लांडगे मारले आणि मग चक्कीकडे वर आले. छप्पर रिकामं होतं. शेळी खाली काठावर गवत खात होती. मी जवळ गेले तरी हलली नाही. मग मी ओढ्यापलीकडे जाऊन एका दगडावर बसले आणि नुसती बघत राहिले. तिने गवत खाल्लं, पाण्याशी आली, प्यायली, चक्कीच्या दारापर्यंत जाऊन परत आली. वर एकदाही चढली नाही.

घड्याळात अजून एकोणीस मिनिटं होती. ती तिथेच संपली.